साखरपुड्यातला मठ्ठा आणि पंचवीस हजारांचा कागद

प्रश्न : मी वारज्यात राहते, घरीच ब्लाउज शिवते. मेमध्ये मामेबहिणीचा साखरपुडा नऱ्ह्याच्या एका कार्यालयात झाला. तिसऱ्या दिवसापासून मला जुलाब, ताप. आणखीही बऱ्याच पाहुण्यांना तोच त्रास. आठवड्यात बरी झाले, पण पुढे दहा दिवसांनी पायांना मुंग्या आल्या, मग उभंच राहता येईना. डॉक्टरांनी गिया बारे सिंड्रोम, म्हणजे नसांचा आजार, सांगितला. शौचाच्या तपासणीत कॅम्पिलोबॅक्टर जिवाणू निघाला. बिल सहा लाखांच्या पुढे गेलं, विम्याने अर्धंच दिलं. साडेचार महिने झाले, अजून हातात कात्री नीट धरता येत नाही. केटरर म्हणतो, जेवण शाकाहारी होतं, हा जंतू कोंबडीतून येतो, तुम्ही बाहेर काही खाल्लं असेल. तरी 'माणुसकी म्हणून' 25 हजार देतो, फक्त 'काही तक्रार नाही' असं लिहून द्या म्हणतो. पैसे मामांनी भरले होते. मामा म्हणतात, कोर्टकचेरी नको. मला दावा करता येईल का?

उत्तर : ताई, आधी एकच सांगतो. त्या कागदावर सही करू नका. बाकीचं सगळं सावकाश वाचा, पण हे आज लक्षात ठेवा.

गुन्ह्याची तक्रार पैसे देऊन दाबण्याचा करार कायद्याला मान्य नाही. पण भरपाईच्या हक्काबाबत 'पूर्ण आणि अंतिम तडजोड' असं लिहून सही केलीत, तर पुढे ती दबावाखाली किंवा फसवून घेतली हे तुम्हालाच सिद्ध करावं लागेल. पैशांची फारच निकड असेल तर 'उपचारखर्चापोटी अंशतः, माझे सर्व हक्क राखून' असं स्वतः लिहूनच रक्कम घ्या. तो तयार झाला नाही, तर कागद कशासाठी हवा होता ते कळलंच.

पैसे मामांनी भरले म्हणून तुमचा हक्क जात नाही. 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, पैसे देणाऱ्याच्या संमतीने वस्तू वापरणारा किंवा सेवेचा लाभ घेणारा माणूसही ग्राहक आहे. पंगतीत बसलेला पाहुणा त्यात येतो. याच कायद्यात 'वस्तू' या शब्दात अन्नही धरलं आहे आणि सदोष वस्तूमुळे झालेला आजार ही भरपाई मागण्यासारखी हानी आहे. मामांना प्रतिवादी करण्याची गरज नाही. त्यांनी अन्न विकलं नाही, विकत घेतलं. हे त्यांना नीट समजावून सांगा, कारण बहुतेक यजमान 'आपणच अडकू' या भीतीनेच गप्प बसतात.

आता खरा वाद. हा आजार त्या जेवणातूनच झाला कशावरून?

तुमच्याकडचा शौच तपासणीचा अहवाल जिवापाड जपा. कॅम्पिलोबॅक्टरचा संसर्ग बहुधा दोन ते पाच दिवसांत दिसतो. शरीर त्या जंतूविरुद्ध जी प्रतिपिंडं तयार करतं, ती काही जणांत स्वतःच्याच नसांवर उलटतात, कारण जंतूच्या आवरणाची रचना नसांवरच्या घटकांशी मिळतीजुळती असते. म्हणून जुलाब थांबल्यावर एक ते तीन आठवड्यांनी पाय लुळे पडू लागतात. तुमच्या तारखा या क्रमात तंतोतंत बसतात. तुमच्या न्यूरॉलॉजिस्टकडून हे दोन परिच्छेदांत लेखी घ्या. ग्राहक आयोगासमोर त्याचं मोल फार आहे.

हा जंतू कोंबडीतून येतो हे खरं, पण अर्धंच. तो दूषित पाण्यातून आणि न तापवलेल्या दुधातूनही येतो. 2025 च्या जानेवारीत सिंहगड रोड, किरकटवाडी, नांदेड, धायरी भागात याच सिंड्रोमचे रुग्ण एकामागून एक दाखल झाले, तेव्हा काही नमुन्यांत हाच जंतू सापडला आणि संशय मुख्यतः पाण्यावर गेला, हे पुणेकर विसरलेले नाहीत. मग माझा प्रश्न असा, पंगतीत मठ्ठा होता का? भाजी, वरण, पुरी आचेवरून येतात. मठ्ठ्यातलं पाणी आणि त्यात टाकलेला बर्फ कोणीच उकळत नाही. टँकर कोणी मागवला, केटररने की कार्यालयाने? उत्तर ठाम मिळत नसेल तर दोघांनाही प्रतिवादी करा.

केटरर म्हणेल, दोष वारज्याच्या नळाचा. त्याचं उत्तर पाहुण्यांकडे आहे. एक वही घ्या. कोण कुठून आलं, काय खाल्लं-प्यायलं, कधी आजारी पडलं, कुठल्या डॉक्टरकडे गेलं, हे प्रत्येकाला विचारून लिहा. जे आजारी पडले नाहीत त्यांनाही विचारा, लोक नेमकं हेच विसरतात. साताऱ्याहून आलेला, कोथरूडचा आणि बारामतीचा पाहुणा एकाच दोन-तीन दिवसांत आजारी पडले असतील, तर त्यांचे नळ वेगळे होते, पंगत एक होती. आणि मठ्ठा न घेतलेले ठणठणीत राहिले असतील, तर मग केटररकडे सांगायला फारसं उरत नाही. फौजदारी खटल्यासारखं संशयातीत सिद्ध करायची इथे गरज नसते, काय जास्त संभवतं ते पाहिलं जातं.

त्या दिवसांतले कुटुंबाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवरचे 'पोट बिघडलंय' हे मेसेज पुसू नका. व्हिडिओवाल्याकडून पूर्ण, न कापलेलं चित्रण मागा, पिंपात बर्फाची लादी टाकताना दिसली तर तो पुरावाच आहे. मोबाइलमधला पुरावा देताना भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम 63 खालचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. रुग्णालयाकडे संपूर्ण केसपेपर लेखी मागा, 72 तासांत देणं बंधनकारक आहे.

अन्न व औषध प्रशासनाकडे लेखी तक्रार याच आठवड्यात करा. मठ्ठ्याचा नमुना आता मिळणार नाही, पण परवाना आहे का, पाणी कुठून येतं, तपासणी अहवाल आहेत का, हे अन्न सुरक्षा अधिकारी बघू शकतात. बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक हवा, नसेल तर तेही तक्रारीत लिहा. घाई अशासाठी की 2006 च्या अन्न सुरक्षा कायद्यात गंभीर इजेसाठी तीन लाखांपर्यंत भरपाईची तरतूद आहे आणि ती घटनेपासून सहा महिन्यांच्या आत द्यावी असं कलम 65 म्हणतं. तुमच्याकडे जेमतेम दीड महिना उरलाय. असुरक्षित अन्नाने गंभीर इजा झाली तर कलम 59 खाली सहा वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, पण त्या खटल्याची दखल घ्यायला साधारण एका वर्षाची मुदत आहे. पोलिसांत जायचा सल्ला कोणी देईल. 2024 च्या फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे की कलम 59 लागू होतं तिथे भारतीय दंड संहितेची भेसळीची जुनी कलमं लावता येत नाहीत. त्यामुळे चौकीच्या पायऱ्या झिजवण्याआधी अन्न व औषध प्रशासनाकडची तक्रार पक्की करा.

तीन लाखांत तुमचं नुकसान भरून निघणार नाही. म्हणून खरा दावा पुणे जिल्हा ग्राहक आयोगात करा. मुदत दोन वर्षांची आहे. आयोगाचं अधिकारक्षेत्र आणि फी, दोन्ही तुम्ही मागितलेल्या भरपाईवर नाही, तर सेवेसाठी दिलेल्या रकमेवर ठरतात. साखरपुड्याचं बिल पाच लाखांच्या आत असेल तर फी शून्य. तक्रार ई-जागृती या ग्राहक आयोगांच्या संकेतस्थळावरून ऑनलाइन देता येते आणि वकील लावलाच पाहिजे असंही नाही. इतर आजारी पाहुणे तयार असतील तर त्यांच्यासह एकत्र तक्रारीची परवानगी मागता येते.

मागणीत विम्याने न दिलेला खर्च, फिजिओथेरपी आणि बुडालेली कमाई धरा. घरच्या शिलाईला पगारपत्रक नसतं, म्हणून बायका हा आकडा सोडून देतात. सोडू नका. ऑर्डरची डायरी, यूपीआयच्या नोंदी, लग्नसराईत परत केलेली कापडं, सगळं चालतं. हातातली ताकद पूर्ण परतेल की नाही हे आज डॉक्टरही ठामपणे सांगणार नाहीत, बऱ्याच जणांना महिनोन्‌महिने लागतात. म्हणून पुढच्या उपचारांचा अंदाज आणि आत्ताच्या पकडीचं मोजमाप लेखी घ्या.

मामांकडे फक्त केटररच्या आणि कार्यालयाच्या बिलाची, ॲडव्हान्सच्या पावतीची प्रत मागा. ते देत नसतील तर मला कळवा, कागद हजर करण्याचा आदेश आयोगाकडून मागता येतो. पण त्याआधी एकदा त्यांच्यासमोर बसा आणि हातात कात्री धरून दाखवा.