रायफल सजवण्याआधी

चिरंजीवास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या नव्या बोल्ट-ॲक्शन (नळीचे मागचे तोंड बंद करणारा बोल्ट हाताने मागेपुढे करून भरायच्या) रायफलीची छायाचित्रे आणि तिच्यावर बसवायच्या वस्तूंची यादी, दोन्ही मिळाली. आपली रायफल दुसऱ्या दर्दी माणसाला दाखवावी असे वाटणे हा या छंदाचा अर्धा आनंद आहे, त्यात संकोच वाटण्याजोगे काही नाही. अक्रोडाच्या दस्त्यावरच्या रेषा, बोल्टच्या दांड्याला दिलेला बाक, नळीवरची निळसर काळी झाक यांविषयी तासन्‌तास बोलणारी माणसे एकमेकांना शोधतच असतात आणि त्या बोलण्यातूनच बहुतेकांना रायफल कळू लागते. मात्र तुझ्या यादीत नवा ट्रिगर आहे, बोल्टसाठी मोठी मूठ आहे, मझल ब्रेक (नळीच्या तोंडावर बसवून धक्का कमी करणारे उपकरण) आहे, कार्बन फायबर गुंडाळलेली नळी आहे; पण यांतील कोणती वस्तू कोणत्या अडचणीवर उपाय म्हणून हवी आहे, याचा उल्लेख कुठेही नाही. रायफल बदलायची असेल तर ती आज आपल्याला कुठे अडवते, हे आधी एका वाक्यात सांगता आले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे आणि हे पत्र मुख्यतः त्याविषयीच आहे.

सुरुवात दस्त्यापासून कर. कारखान्यातून येणारा दस्ता कोणा सरासरी माणसाच्या मापाचा असतो. तो तुला बसेलच असे नाही, आणि दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा कितीही भरजरी असला तरी तो खांद्यावर ओढतोच. रायफल रिकामी असल्याची खात्री डोळ्यांनी आणि बोटाने अशी दोन्ही प्रकारे करून घे, ती सुरक्षित दिशेला धर, डोळे मिटून खांद्याला लाव, गाल जिथे सहज टेकतो तिथे टेकव आणि मग डोळे उघड. दुर्बिणीतले दृश्य पूर्ण आणि गोल दिसले तर दस्त्याची उंची तुझ्या चेहऱ्याला जुळते. एका बाजूला काळी कोर दिसत असेल, किंवा चित्र पूर्ण दिसण्यासाठी गाल उचलून हनुवटी टेकवावी लागत असेल, तर तुला पहिल्यांदा उंच-खाली होणारी गालपट्टी हवी आहे. चापापासून (ट्रिगरपासून) बटाच्या, म्हणजे दस्त्याच्या खांद्याला टेकणाऱ्या भागाच्या, टोकापर्यंतचे अंतरही असेच तपास. ते जास्त असेल तर मान पुढे ताणावी लागते, कमी असेल तर धक्क्याबरोबर दुर्बिणीची कड भुवईवर आदळू शकते. गालपट्टी आणि बटाखालच्या पातळ चकत्या या दिसायला अगदी सामान्य वस्तू आहेत, त्यांचे छायाचित्र पाहून कोणी थक्क होत नाही. तरीही नवशिक्याच्या ग्रुपिंगमध्ये, म्हणजे कागदावर गोळ्या किती जवळजवळ लागतात त्यात, सर्वाधिक फरक बहुधा त्यांनीच पडतो.

दुसरा प्रश्न दस्ता आणि ॲक्शन (बोल्ट ज्यात सरकतो तो नळीमागचा धातूचा भाग) यांच्या जोडाचा. एक जाड कागदाची पट्टी नळी आणि दस्ता यांच्यामधून पुढच्या टोकाकडून मागे सरकवून पाहा. ती अडली तर तिथे लाकूड नळीला टेकलेले आहे. लाकूड हवेतला दमटपणा घेऊन फुगते, नळी तापल्यावर तिचा त्या जागेवरचा दाब बदलतो, आणि परवा बरोबर मध्यभागी लागणारी गोळी आज दोन बोटे बाजूला जाते. म्हणूनच अनेक जण नळी पूर्ण मोकळी ठेवतात आणि ॲक्शनखाली इपॉक्सीचे बेडिंग, म्हणजे घट्ट होणाऱ्या रसायनाची नेमकी बैठक, करून घेतात. हे काम घरीही होते, पण त्यात एक बारकावा आहे. धक्का झेलणाऱ्या रिकॉइल लगची, म्हणजे ॲक्शनखालच्या ठोकळ्याची, फक्त मागची बाजू इपॉक्सीला घट्ट भिडली पाहिजे; पुढची बाजू, दोन्ही कडा आणि तळ यांना आधी चिकटपट्टी लावावी, म्हणजे नंतर ती काढल्यावर तिथे केसभर फट राहते आणि ॲक्शन दस्त्यातून सरळ वर निघते. लागणाऱ्या प्रत्येक धातूच्या भागाला, स्क्रूंच्या आट्यांनाही, न चिकटू देणारे मेण नीट लाव. एखाद्या भोकात इपॉक्सी शिरून घट्ट बसली तर ॲक्शन आणि दस्ता यांची कायमची गाठ पडते. मोकळी नळी हा मात्र सार्वत्रिक नियम नाही. जुन्या ली-एनफिल्ड रायफलीमध्ये दस्त्याचा पुढचा भाग मुद्दाम नळीवर दाब देईल असाच बसवलेला असतो आणि तिथले लाकूड खरवडले तर नेम सुधारण्याऐवजी बिघडतो. रायफल कशी घडवली आहे हे समजून घेतल्याखेरीज कानस हातात घेऊ नकोस.

ट्रिगरबद्दल थोडे सावधपणे लिहितो. हलका आणि स्वच्छ तुटणारा ट्रिगर ही खरोखर सुखाची गोष्ट आहे. पण मूळ ट्रिगरची स्प्रिंग कापून किंवा सिअरची (ट्रिगर दाबेपर्यंत फायरिंग पिन अडवून धरणाऱ्या खटक्याची) धार घासून तो हलका करण्याचे धाडस करू नकोस. तयार जोडट्रिगर घे, तो जाणत्या गनस्मिथकडून बसवून घे, आणि नंतर रिकामी रायफल कॉक करून (गोळी झाडण्यासारखी सज्ज करून) बट रबराच्या जाड चटईवर आपट, बोल्ट जोराने पुढे ढकलून बंद कर, सेफ्टी लावून पुन्हा काढ. यांपैकी कशानेही ट्रिगर आपोआप सुटला तर ती रायफल रेंजवर न्यायची नाही. बोल्ट आणि नळी यांच्या अदलाबदलीलाही हेच लागू आहे. एका रायफलीचा बोल्ट दुसरीत सहज सरकतो म्हणून तो तिचा होत नाही. बंद बोल्टचे तोंड आणि चेंबरमध्ये, म्हणजे नळीतल्या काडतुसाच्या जागेत, काडतूस जिथे अडते ती जागा यांच्यामधील हेडस्पेस गेजने तपासावा लागतो आणि तो चुकला तर काडतुसाचे पितळ फाटून तापलेला वायू मागे येऊ शकतो. नळीची लांबी किंवा तिच्या तोंडावरचे उपकरण बदलण्यापूर्वी तुझा परवाना आणि तिथला कायदा काय म्हणतो, हेही लेखी पाहून घे.

वस्तू मागवण्यापूर्वी तुझी ॲक्शन कोणत्या मापाची आहे हे पाहा. 1962 साली आलेल्या रेमिंग्टन 700 च्या गोल ॲक्शनभोवती दस्ते, चेसिस (दस्त्याऐवजी वापरायचे धातूचे सांगाडे) आणि ट्रिगर यांचे एवढे मोठे जग उभे राहिले, की इतर अनेक कंपन्याही आता त्याच मापात ॲक्शन बनवतात. तुझी त्यांतली असेल तर निवडीला तोटा नाही. नसेल तर छायाचित्रात पाहून आवडलेला दस्ता तुझ्या रायफलीला बसणारच नाही.

तुझ्या आजोबांकडच्या जुन्या लष्करी मॉझर रायफलीविषयीही तू विचारले आहेस. तिला आधुनिक चेसिसमध्ये बसवायचे, नळी कापायची आणि वर दुर्बीण चढवायची, असा तुझा बेत आहे. मी तुला कळकळीने सांगतो, हे करू नकोस. 1898 च्या मॉझरमधला तो लांब पंज्यासारखा एक्स्ट्रॅक्टर (काडतूस बाहेर ओढणारा आकडा), काडतूस मॅगझिनमधून निघताच त्याची कड पकडून चेंबरपर्यंत नेण्याची ती पद्धत आणि बोल्ट जागी अडकवणाऱ्या पुढच्या दोन लगांना जोड म्हणून मागे दिलेला तिसरा सुरक्षा लग, यांवर पुढच्या कितीतरी शिकारी रायफली उभ्या आहेत. दुसऱ्या महायुद्धानंतर अशा रायफली ढिगाने स्वस्तात मिळत होत्या, तेव्हा त्या कापून, भोके पाडून शिकारीसाठी केल्या गेल्या, आणि त्या काळी ते वावगेही नव्हते. आज मूळ दस्ता, मूळ शिक्के आणि जुळणारे क्रमांक असलेली रायफल दुर्मीळ होत चालली आहे आणि रिसीव्हरमध्ये (ॲक्शनच्या मुख्य धातूच्या अंगात) पाडलेले भोक कोणालाही बुजवून पूर्ववत करता येत नाही. हौस भागवायला तुझ्याकडे नवी रायफल आहे. जुनीच्या लाकडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात दे, लोखंड गंजू देऊ नकोस आणि तिचे छायाचित्र ती आहे तशीच घे.

आता दाखवण्याविषयी. छायाचित्र घेताना बोल्ट काढून रायफलीशेजारी ठेव आणि मॅगझिनही बाहेर ठेव. पाहणाऱ्याला ती रिकामी आहे हे न विचारता कळले पाहिजे, आणि बोल्टची घडणही त्यामुळेच नीट दिसते. अनुक्रमांक झाक. जे काम गनस्मिथने केले ते त्याच्या नावे सांग आणि जे तू केलेस ते तुझ्या. ग्रुपिंग दाखवायचे असेल तर अंतर, गोळ्यांची संख्या, काडतूस आणि टेकूचा प्रकार त्याखाली लिही. तीन गोळ्यांचा एक सुंदर ग्रुप जवळजवळ प्रत्येक रायफल कधी ना कधी देते. त्याच रायफलीने त्याच माणसाने दहा गोळ्या सलग मारल्या तर ग्रुपचा विस्तार सरासरीने तीन गोळ्यांच्या ग्रुपच्या दीडपटीहून थोडा जास्तच निघतो. त्यात रायफलीचा दोष नाही, संख्येचा स्वभावच तसा आहे. म्हणून 100 मीटरवर 1 एमओए (अंशाच्या साठाव्या भागाएवढा कोन) म्हणजे सुमारे 2.9 सेंटिमीटर, असा दावा करताना किमान दहा गोळ्यांचा कागद पुढे ठेव. जाणती माणसे चकाकत्या बोल्टपेक्षा त्या कागदाकडे जास्त वेळ पाहतात, आणि त्यांचे प्रश्नही त्याच्यावरच येतात.

यादीतली एक गोष्ट मी आत्ताच खोडून टाकली असती, ती म्हणजे मझल ब्रेक. तुझे काडतूस .308 विंचेस्टर आहे, त्याचा धक्का नीट बसणाऱ्या दस्त्याने आणि चांगल्या रबरी बटप्लेटने सहज सोसवतो. ब्रेकने धक्का कमी होतो हे खरे, पण आवाजाचा मारा बाजूला आणि मागे वळतो आणि शेजारच्या नेमबाजाला त्याचा फार त्रास होतो. बाकीच्या वस्तूंपैकी एका वेळी एकच बदल कर, प्रत्येक बदलाआधी आणि नंतर त्याच लॉटच्या (एकाच वेळी बनलेल्या) काडतुसांनी दहा-दहा गोळ्यांचे कागद मार आणि त्यांवर तारीख घाल. दोन वस्तू एकदम बदलल्या तर सुधारणा कशामुळे झाली हे तुला कधीच सांगता येणार नाही.

तूर्त काहीही मागवू नकोस. तुझ्या कोपराच्या आतल्या वळणापासून चापावर ठेवायच्या बोटाच्या पहिल्या पेरापर्यंतचे अंतर आणि रायफलीचे चापापासून बटापर्यंतचे माप मला कळव, शिवाय गाल टेकल्यावर दृश्य कोणत्या बाजूने कापले जाते तेही लिही. दस्ता तपासताना रेंजवर घालतोस तेच जाड जॅकेट अंगात असू दे, कारण त्याने खांद्यापाशी एक-दोन सेंटिमीटरचा फरक पडतो. ती मापे आली की गालपट्टीची उंची आपण मिळून ठरवू.

तुझा शुभचिंतक