घरचा कडबा की विकतचा?

पोरी,

तुझी चिठ्ठी पोचली. तीन गाई, अडीच एकर रान, आणि प्रश्न असा की रब्बीत ज्वारी पेरून कडबा घरचाच करावा की दरसाल विकत घ्यावा.

आधी हिशेब मांड. हिरव्या चाऱ्याच्या जोडीला गाईला रोज ६ किलो कडबा धरलास, तर वर्षाला २,१९० किलो होतात. जिरायती काळ्या रानात मालदांडी ज्वारी साधली तर एकरी दोन टनांच्या आसपास कडबा निघतो. म्हणजे एक एकर, एक गाय. सगळं रान ज्वारीखाली घातलंस तरी तिघींना पुरायचं नाही, आणि मग हिरव्या चाऱ्याचा घास-मका कुठे लावणार? माझं ऐकशील तर एकच एकर पेर. भाकरीची ज्वारीही घरात येते. कडब्याच्या हिशेबात ती कुणी धरत नाही, तू धर.

पण पेरण्याआधी माणसं मोज. ज्वारीची ताटं मुळासकट उपटायची, पेंढ्या बांधायच्या, त्यांची बुचाडं उभी करून वाळवायची, कणसं मोडायची, मग गंजी रचायची. हे सगळं ऐन हरभरा-गव्हाच्या काढणीत येतं, तेव्हा दुप्पट मजुरी देऊनही हात मिळत नाहीत. तुझ्या घरचे किती हात रानात उतरतील, ते खरं सांग. लाजेनं वाढवून सांगू नकोस.

एका साली आभाळ भरून आलेलं बघून मी ओलसर पेंढ्यांचीच गंजी घातली. पंधरा दिवसांनी बघतो तर वरून पिवळीधमक, आत कोपरापर्यंत हात घातला तर ऊब आणि कुबट वास. निम्मा कडबा उकिरड्यावर गेला. तेव्हापासून ताट कांड्यावर मोडून बघतो. कट्‌कन तुटलं तर गंजीला, नुसतं वाकलं तर अजून उन्हात.

बाकीचा कडबा मार्चातच घेऊन टाक, उन्हाळा चढला की भावही चढतो. शेकड्याच्या, म्हणजे शंभर पेंढ्यांच्या, भावाला भुलू नकोस. पेंढी दरसाल बारीक होत चाललीय. दहा पेंढ्या काट्यावर टाक आणि किलोचा भाव काढ. आणि कुट्टी करूनच घाल. अख्खं ताट टाकलं की गाय पाला ओरबाडते, बुडखे गव्हाणीत तसेच पडून राहतात.

पेंढ्या बांधायच्या दिवशी सांगावा धाड, मी येतो. उपटायला मात्र माझी कंबर धरू नकोस.

तुझा,
काका