टंबुसळ: अर्थ, लिंग आणि कुळी

प्रश्न असा आहे. नाशकातल्या एका मित्रमंडळात एक खेळ चालतो. एकाने मराठीत नसलेला, पण असावा असा वाटणारा शब्द टाकायचा, बाकीच्यांनी त्याचा अर्थ आणि व्युत्पत्ती रचायची. जी सगळ्यांत खरी वाटेल ती जिंकली. या वेळचा शब्द ‘टंबुसळ’. तो मिसळ खाताना सुचला, त्यामुळे बहुतेकांनी खाण्याचेच अर्थ लावले. प्रश्नकर्त्या ताईंना दोन गोष्टी हव्या आहेत: ‘सळ’ हा प्रत्यय धरता येईल का, आणि कौल कोणाला द्यावा.

प्रत्यय नाही. मिसळ, उसळ, मुसळ एका ओळीत मांडले की तसा भास होतो खरा, पण हा ‘सळ’ प्रत्येकाकडे वेगळ्या वाटेने आलेला. मिसळीच्या मागे ‘मिश्र’ आहे. प्राकृतात त्याचं ‘मिस्स’ झालं. मुसळ म्हणजे संस्कृत ‘मुसल’च, फक्त दोन स्वरांमधल्या ल चा ळ करायची आपली सवय तिथे लागली, फल-फळ, काल-काळ तसंच. आणि उसळणे आलं ‘उच्छल्’पासून. त्यातल्या च्छ चा स होणं ही मराठीची खास खूण. मत्स्याचं प्राकृतात मच्छ झालं. हिंदीने मछली ठेवली, आपण मासा केला. इक्षूचा ऊसही त्याच वाटेचा. तेव्हा कुणी ‘सळ म्हणजे खमंग’ वगैरे सांगू लागला तर त्याला तिथेच थांबवा.

आता ताईंनी कळवलेल्या व्युत्पत्त्या.

पहिली ‘स्तंभ-मुसल’, म्हणजे खांबाएवढं मुसळ. ऐकायला भारदस्त, पण टिकत नाही. शब्दाच्या सुरुवातीच्या स्त चा मराठीत थ होतो: स्तन-थान, स्तोक-थोडा. या हिशेबाने शब्द ‘थं’ने सुरू व्हायला हवा. शिवाय मधला म कुठे गेला, याचं उत्तर रचणाऱ्याने दिलेलं नाही. संस्कृतचा शिक्का मारला की काम झालं असं मानणाऱ्यांचा हा नमुना.

दुसरी पोर्तुगीज. युक्तिवाद असा की मिसळीबरोबरचा पाव पोर्तुगीज, वरचा बटाटाही पोर्तुगीज, मग टंबुसळ का नको? पाव आणि बटाटा वस्तूंबरोबर आले; पदार्थ हातात आला, मागून नाव आलं. टंबुसळीबरोबर जहाजातून काय उतरलं ते आधी सांगा. परभाषेचा दावा करणाऱ्याला मी नेहमी हाच प्रश्न विचारतो आणि निम्मे तिथेच गळतात.

तिसरी मला फार आवडली. कुणीतरी ‘तांबट’ शब्दाला हात घातला आहे. जुन्या नाशकात तांबट गल्ली आहे, तांब्या-पितळेची भांडी ही इथली ओळख, आणि ताम्रचं ‘तंब’ होऊन तांबं होणं अगदी नियमाला धरून आहे. आम्रचा आंबा झाला तसं. म्हणून ‘तंब + उसळ’, तांब्याच्या पातेल्यातली उसळ. अडलं ते सुरुवातीच्या त वर. त चा ट कसा झाला? ‘लहान मुलांच्या तोंडी’ हे उत्तर मी घेत नाही, कारण ते कुठल्याही शब्दाला देता येतं.

उरतो सर्वांत साधा मार्ग. पुरी ‘टम्म’ फुगते ना, तो टम्म घ्या. ट ने सुरू होणाऱ्या कितीतरी शब्दांना संस्कृतात मूळ सापडत नाही, आणि हे नवं नाही. संस्कृतातून ज्यांची सोडवणूक होत नाही असे शब्द हेमचंद्राने बाराव्या शतकात ‘देशीनाममाला’ करून त्यात गोळा केले. तेव्हा ‘टम्म’ आणि ‘उसळणे’ यांची सोयरीक जुळवायला हरकत नाही.

पण मग अर्थही उसळण्याचाच हवा, आणि इथे मिसळवाल्यांचा डाव पडतो. ‘पाव आहे तर रस्सा संपला, रस्सा आणला तर पाव संपला, असं न संपणारं चक्र म्हणजे टंबुसळ’ हा अर्थ बेहद्द आहे, मी स्वतः त्या चक्रात अडकलेला माणूस आहे. पण त्यात काही उसळत नाही. मी कौल दुसऱ्या अर्थाला देईन, जो ताईंनी जाता जाता शेवटी लिहिला आहे: रंगपंचमीला रहाडीत कुणी धप्पा मारला की पाणी उसळतं आणि काठावर कोरड्या कपड्यांत उभा असलेला शहाणा भिजतो, ती टंबुसळ. बाहेरच्यांसाठी सांगतो, रहाड म्हणजे जुन्या गावठाणातल्या चौकात असलेला मोठा हौद. तो एरवी बंद असतो, रंगपंचमीला उघडून रंगाच्या पाण्याने भरतात. त्यातली उडी म्हणजे धप्पा. धप्प्याला शब्द आहे, पण त्याने भिजणाऱ्या तिऱ्हाइताच्या वाट्याला जे येतं त्याला नाही. शब्द रिकाम्या जागी बसला की खरा वाटू लागतो.

अर्थात नियम पाळणारीच व्युत्पत्ती लोकांत चालते असं नाही. आपल्याच शहराचं बघा. शूर्पणखेचं नाक कापलं म्हणून नासिक ही कथा पोराटोरांना पाठ, आणि ‘नाशिक नव टेकांवर वसविले’ ही ओळही तितकीच. पांडवलेण्यांचा पांडवांशी काही संबंध नाही; ती बौद्ध लेणी, आणि तिथल्या शिलालेखांत डोंगराचं नाव आहे तिरण्हु, म्हणजे त्रिरश्मी. रिक्षावाल्याला त्रिरश्मी सांगून बघा! उलट, जवळच्या भगूरचे सावरकर यांनी महापौर, दिग्दर्शक असे शब्द घडवले आणि ते रुळले. पण तिथे अर्थ आधी होता, शब्द मागून आला. तुमच्या खेळात गंगा उलटी वाहते.

एक विनंती: पुरावा म्हणून ज्ञानेश्वरीतली ओवी रचू नका. नाशकात पोथी काढून बघणारे लोक अजून आहेत.

जुन्या कोशांच्या थाटात नोंद करायची तर मी अशी करीन (क्रि. म्हणजे सोबत येणारी क्रियापदं, ल. म्हणजे लाक्षणिक अर्थ, ध्व. म्हणजे ध्वनीवरून आलेला):

टंबुसळ — स्त्री. १ रहाडीत धप्पा मारला असता काठावरच्यावर येणारा पाण्याचा लोट. (क्रि. येणे, बसणे, खाणे). २ (ल.) दुसऱ्याच्या उद्योगामुळे न मागता मिळालेला प्रसाद. ‘भांडण त्या दोघांचं, टंबुसळ मला.’ [ध्व. टम्म + उसळणे]

लिंगाबद्दल वाद नको. मुसळ नपुंसक आहे म्हणून ‘ते टंबुसळ’ असाही आग्रह झाल्याचं ताई लिहितात. शब्द कधी न ऐकलेल्या माणसासमोर नुसता विभक्तीत टाकून बघा. ‘टंबुसळीने भिजलो’ आपोआप येतं, ‘टंबुसळाने’ म्हणताना जीभ अडखळते. अनेकवचन टंबुसळी. ‘टंबुसळं’ म्हणणाऱ्याचा अर्धा गुण कापावा.