आठ महिन्यांच्या बाळाला घेऊन प्रवाळ बघायला जाता येईल का?

तुमचा प्रश्न मी असा समजतो: बाळ आठ महिन्यांचं आहे, बरोबर आजी-आजोबा आहेत, प्रवाळ बघायची तुम्हा दोघांची जुनी हौस आहे आणि घरात “आत्ताच कशाला?” असा सूर लागलाय. माझं मत: जरूर जा, पण बाळाला प्रवाळ दाखवायचे आहेत हे डोक्यातून काढून टाका. बाळ किनाऱ्यावर सावलीत राहील आणि मोठी माणसं आळीपाळीने पाण्यात उतरतील, असाच बेत आखा. आमची लेक साधारण एवढीच असताना आम्ही असं केलं होतं. काचेच्या तळाच्या बोटीतही तिला बसवलं, पण खालून माशांचा थवाच्या थवा जात असताना तिचं सगळं लक्ष शेजारच्या बाईंच्या चपलेच्या पट्ट्याकडे.

म्हणून पहिला निर्णय जागेचा. किनाऱ्यावरून चालत उतरलं की थोड्या अंतरावर प्रवाळ सुरू होतात अशा जागा बऱ्याच आहेत. तशीच निवडा. जिथे तास-दीड तास स्पीडबोटीने जावं लागतं ती जागा कितीही सुंदर असली तरी या वर्षी सोडा. लाटांवर आपटणाऱ्या बोटीत मोठ्यांची कंबर धरते, तिथे बाळाच्या मानेचं काय होईल! छोटी, संथ बोट घ्यावीच लागली तर पैसे भरण्याआधी एकच विचारा: बाळाच्या वजनाचं लाइफ जॅकेट आहे का? म्हणजे मान वर धरणारी कॉलर आणि पायांमधून जाणारा पट्टा असलेलं. “मोठं आहे, घट्ट बांधू” असं उत्तर आलं तर निघून या. बोटीत बाळाला कांगारू पिशवीत किंवा कारच्या सीटमध्ये बांधून ठेवू नका. बोट कलंडली तर तोच पट्टा जिवावर बेततो.

बाळाला पाण्यात न्यायचं का? प्रवाळांना साधारण २३ ते २९ अंश सेल्सिअसचं पाणी मानवतं. तान्ह्या बाळांसाठीच्या तलावाचं पाणी मात्र ३२ अंशांच्या आसपास ठेवतात, कारण त्यांचं अंग भराभर थंड पडतं. त्यामुळे किनाऱ्यालगत वाळूवर, कडेवर घेऊन चार-पाच मिनिटं पाय बुडवणं, एवढंच. मानेभोवती अडकवायच्या हवेच्या रिंगा तर मुळीच नकोत.

आता खरी कसरत वेळेची. ओहोटीला प्रवाळांवर पाणी इतकं उथळ होतं की पोट आणि गुडघे घासतात. आपल्यालाही जखमा होतात (त्या लवकर बऱ्या होत नाहीत) आणि प्रवाळही मोडतात. भरती पूर्ण होण्याच्या आसपासचा वेळ सर्वांत चांगला, पाणी खोल आणि प्रवाह मंद. बाळासाठी आणि उन्हासाठी सकाळ हवी, कारण दहा ते चारचं ऊन टाळायचंय. बऱ्याच किनाऱ्यांवर दुपारनंतर वाराही वाढतो. भरतीची वेळ रोज साधारण ५० मिनिटांनी पुढे सरकते, म्हणून तिकिटं काढण्याआधी त्या ठिकाणचं भरतीचं वेळापत्रक बघा आणि सकाळी आठ-नवाला भरती येईल असे दिवस धरा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या सुमाराची भांगाची भरती बरी, कारण तेव्हा पाण्याची ओढ कमी असते.

“एक जण बाळाजवळ, एक जण पाण्यात” हे ऐकायला सोपं वाटतं, पण त्यात एक खोट आहे. पाण्यातला माणूस एकटा पडतो, आणि स्नॉर्केलिंग (तोंडात श्वासाची नळी धरून पाण्यावर पालथं तरंगत खाली बघणं) एकट्याने करायचं नसतं. आजी-आजोबा बाळ सांभाळणार असतील तर दोघं मिळून उतरा, पण थोड्याच वेळासाठी. नाहीतर स्थानिक वाटाड्या सोबत घ्या. उतरण्याआधी बाळाला पाजून घ्या. बाळ शांत राहतंच, शिवाय भरलेल्या छातीने पालथं तरंगणं आईलाही त्रासाचं होतं.

उन्हाचं म्हणाल तर पूर्ण बाह्यांचे कपडे, रुंद काठाची टोपी आणि सावली हेच मुख्य. सहा महिन्यांखालच्या बाळाला सनस्क्रीन लावत नाहीत. तुमच्या बाळाला उघड्या राहणाऱ्या अंगापुरतं झिंक ऑक्साइडचं चालेल. ऑक्सिबेंझोन (ऊन अडवणारं एक रसायन) असलेलं घेऊ नका. प्रशांत महासागरातल्या पलाऊ या बेटांच्या देशाने २०२० पासून आणि हवाईने २०२१ पासून अशा सनस्क्रीनच्या विक्रीवर प्रवाळांसाठीच बंदी घातली आहे. (प्रवाळांचा मोठा शत्रू तापणारा समुद्र आहे, सनस्क्रीन नव्हे, हे खरं. पण अंगरखा घातला की निम्मं सनस्क्रीन आपोआप वाचतं.)

रांगतं बाळ किनाऱ्यावर दिसेल ते तोंडात घालणार. मेलेल्या प्रवाळांचे तुकडे धारदार असतात, म्हणून जाड चादर न्या. सुंदर नक्षीचे शंकूसारखे शंख कुणीच उचलू नयेत. आत जिवंत गोगलगाय असली तर तिचा डंख माणसाचा जीव घेऊ शकतो. वाळू थोडी पोटात गेली तर घाबरू नका. प्रवाळ बेटांवरची पांढरी वाळू बरीचशी पोपटमाशांची विष्ठा असते, हे आजीला मात्र सांगू नका.

पाण्यात कशालाही हात लावायचा नाही आणि पाय टेकवायचे नाहीत. बाळ पहिल्या वर्षात साधारण २५ सेंटिमीटर वाढतं. तेवढ्याच काळात भरीव, गोलसर जातीचं प्रवाळ जेमतेम एखादा सेंटिमीटर वाढतं. फिनच्या (पोहताना पायात घालायच्या रबरी पंखांच्या) एका फटक्याने किती वर्षं जातात याचा हिशेब करा.

बोट लागायची भीती लहान बाळांना फारशी नसते, ती मोठ्यांना असते. पण उलटीच्या बऱ्याच गोळ्यांनी झोप येते, म्हणून गोळी घेतलेल्याच्या हातात बाळ देऊ नका. अंगावर पाजणाऱ्या आईने गोळी आधी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. स्कूबाचा (पाठीवर हवेची टाकी घेऊन खोल बुडी मारण्याचा) विचार असेल तर पाजणाऱ्या आईला तो वर्ज्य नाही, पण पुन्हा दिवस गेल्याची शंका असेल तर मात्र वर्ज्य. आणि स्कूबा सहलीच्या सुरुवातीच्या दिवसांतच उरकून घ्या, कारण त्यानंतर विमानात बसण्याआधी निदान १८ तास जावे लागतात, त्याहून जास्त गेले तर चांगलंच.