अमेरिकेतील ‘डिव्हिजन थ्री’ महाविद्यालयीन फुटबॉलचा हंगाम पाहण्यासारखा असतो का?

ज्या छोट्या महाविद्यालयांतून एनएफएल या व्यावसायिक लीगपर्यंत क्वचितच कोणी पोहोचते, त्यांच्या फुटबॉलच्या (म्हणजे चेंडू हातात घेऊन खेळायच्या अमेरिकन फुटबॉलच्या) हंगामात पाहण्यासारखे काय असते, असे आपण विचारले आहे. मी मिनेसोटात राहतो आणि सेंट जॉन्स विद्यापीठाच्या संघाचा चाहता आहे, त्यामुळे माझे उत्तर निःपक्षपाती असेल अशी अपेक्षा कृपया ठेवू नये.

डिव्हिजन थ्री म्हणजे महाविद्यालयीन खेळांची तिसरी श्रेणी; तिच्यात खेळासाठी शिष्यवृत्ती देता येत नाही. त्यामुळे मैदानावर दिसणारा बहुतेक प्रत्येक मुलगा केवळ हौसेपोटी, अभ्यास सांभाळून खेळत असतो. साखळीतील सामने अवघे १०, सप्टेंबरपासून नोव्हेंबरच्या मध्यापर्यंत. आपल्या कॉन्फरन्सचे, म्हणजे आपसांत खेळणाऱ्या महाविद्यालयांच्या गटाचे, विजेतेपद मिळवले तर राष्ट्रीय प्लेऑफमध्ये, म्हणजे बाद फेरीत, थेट प्रवेश मिळतो. ते हुकले तर उरलेल्या मोजक्या जागांसाठी निवड समितीच्या तोंडाकडे पाहत बसावे लागते. प्लेऑफमध्ये एक पराभव झाला की संपले. म्हणूनच ऑक्टोबरमधला एखादा वरवर किरकोळ वाटणारा सामनाही साऱ्या वर्षावर पाणी फिरवू शकतो.

या हंगामाची गोडी कळण्यासाठी २००३ सालचे उदाहरण देतो. सेंट जॉन्स हे मिनेसोटातील कॉलेजव्हिल येथील, बेनेडिक्टाइन साधूंनी स्थापन केलेले, रानाने आणि तळ्यांनी वेढलेले मुलांचे महाविद्यालय. तेथे जॉन गॅग्लिआर्डी १९५३ पासून प्रशिक्षक होते. सरावात टॅकल करायचे (म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून खाली पाडायचे) नाही, शिट्टी वाजवायची नाही, हौसेने आलेल्या कोणालाही संघातून काढायचे नाही आणि आपल्याला ‘कोच’ न म्हणता ‘जॉन’ म्हणायचे, असे त्यांचे नियम होते. व्यायामाच्या नावाखाली खेळाडू गवतावर उताणे पडून ‘आज हवा किती छान आहे’ असे एकमेकांना सांगत. इतर प्रशिक्षकांना हा पोरखेळ वाटला असेल तर नवल नाही, पण निकालांपुढे बोलणार काय? त्या वर्षी ८ नोव्हेंबरला बेथेलच्या संघावर २९-२६ अशी मात करून गॅग्लिआर्डींनी कारकिर्दीतला ४०९ वा विजय मिळवला आणि महाविद्यालयीन प्रशिक्षक एडी रॉबिन्सन यांचा ४०८ विजयांचा विक्रम मागे टाकला.

पुढे डिसेंबरमध्ये व्हर्जिनियातील सेलम येथे अंतिम सामना, म्हणजेच स्टॅग बाऊल झाला. समोर ओहायोतील माउंट युनियन महाविद्यालयाचा संघ होता, सलग ५५ सामने जिंकून आलेला आणि आधीची तीन विजेतेपदे खिशात असलेला. सामन्याच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या क्वार्टरमध्ये माउंट युनियन गोलरेषेच्या तोंडाशी असताना सेंट जॉन्सच्या बचावपटूने पास मध्येच पकडला आणि तो चेंडू घेऊन थेट दुसऱ्या टोकापर्यंत, तब्बल १०० यार्ड धावत सुटला. सेंट जॉन्सने सामना २४-६ असा जिंकला आणि १४ पैकी १४ विजयांसह हंगाम पूर्ण केला. त्या वर्षी डिव्हिजन थ्रीच्या सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार याच संघाच्या ब्लेक एलियटला मिळाला. गंमत म्हणजे तो पुरस्कार गॅग्लिआर्डींच्याच नावाने दिला जातो.

या पातळीवर प्रेक्षक नसतात, हा समज अर्धवट खरा आहे. बहुतेक ठिकाणी काही हजारांची गर्दी म्हणजे चंगळच. पण २०१७ साली सेंट जॉन्स आणि सेंट थॉमस या जुन्या प्रतिस्पर्ध्यांचा सामना मिनीॲपोलिसच्या बेसबॉल मैदानावर ठेवला, तेव्हा ३७,३५५ लोक आले होते. आम्ही तो २०-१७ असा हरलो, याचा उल्लेख केवळ प्रामाणिकपणापोटी. पुढे सेंट थॉमस इतरांना फारच भारी पडते म्हणून त्याला कॉन्फरन्सबाहेर काढण्यात आले आणि २०२१ मध्ये ते थेट डिव्हिजन वनमध्ये गेले. माझ्या मते या निर्णयाने कॉन्फरन्समधील चुरस वाढली असेल, पण आमच्या हंगामातला सर्वांत मोठा शनिवार मात्र गेला.

आपल्याला पाहायला सुरुवात करायची असेल, तर सगळ्या देशाची क्रमवारी पाठ करण्याच्या भानगडीत पडू नका. एकच कॉन्फरन्स निवडा, तिची गुणतालिका समजून घ्या आणि नोव्हेंबरच्या पहिल्या दोन शनिवारांचे सामने पाहा. कोणाचा हंगाम पुढे चालू राहणार आणि कोणत्या चौथ्या वर्षाच्या मुलांचा तो शेवटचा सामना ठरणार, हे बहुतेक तेव्हाच ठरते.