माकडतापात डोळे लाल होतात, ते नुसते डोळे येणे असते का?

नाही. सिंधुदुर्गात २०१६ पासून दोडामार्ग-बांदा भागात काजूच्या बागेत राबणाऱ्यांना झालेला हा ताप गोचिडीतून येतो. विषाणू मूळचा कर्नाटकातल्या शिमोग्याच्या क्यासनूर जंगलातला, १९५७ साली सापडलेला.

पहिल्या आठवड्यात ताप, कपाळ फुटेल अशी डोकेदुखी, अंग ठणकणे आणि लालभडक डोळे. उजेड सहन होत नाही. डोळे आले की चिपडे येतात, पापण्या चिकटतात; इथे लाली असते, पण चिपडे सहसा नसतात. क्वचित डोळ्याच्या पडद्यावर रक्तस्रावही होतो.

खरी मेख पुढे आहे. ताप उतरतो, माणूस कामाला लागतो, आणि शंभरातल्या दहा-वीस जणांना तिसऱ्या आठवड्यात तो उलटतो. या वेळी मेंदूच्या आवरणाला सूज येऊ शकते: मान ताठ, हात थरथरणे, बरळणे, नजर अंधूक होणे. अशा वेळी चष्म्याच्या दुकानात जाऊ नका, थेट रुग्णालय गाठा. या विषाणूवर नेमके औषध नाही, उपचार लक्षणांवरच चालतात. मेडिकलमधून स्टेरॉइडचे थेंब तर मुळीच आणू नका. आणि डॉक्टरांना ‘रानात गेलो होतो’ हे आधी सांगा, लोक नेमके तेच विसरतात.