मोरीतला नळ बंद करा, ताई

वाचकाचं पत्र (थोडं संक्षिप्त करून):

‘वय ६१. कराडजवळच्या गावात राहते. मोठ्या आतड्याच्या उजव्या बाजूला गाठ निघाली, तपासणीत कॅन्सर आला. तेवढा भाग काढून आतडं जोडायचं ठरलंय. गौरी-गणपती उरकले की दोन दिवसांनी ऑपरेशन, म्हणजे आजपासून नववा दिवस. गेल्या रविवारी नातवाला सर्दी-ताप आला. तो माझ्याच कुशीत झोपतो. आता माझा घसा धरलाय, खोकला येतो, रात्री अंग कसकसतं. लघवीलाही थोडी जळजळ आहे. घरात कुणाला बोलले नाही. बोलले तर सगळे धाकट्या सुनेवर जातील, की पोराला आजीजवळ झोपवू नको म्हणून सांगितलं होतं. खोकला आला की मोरीत जाते आणि नळ सोडून खोकते. यांच्या मागच्या दुखण्यातल्या अँटिबायोटिकच्या तीन गोळ्या उरल्या होत्या, त्या घेतल्या. तारीख पुढे गेली तर पितृपक्ष लागेल, जाऊबाई म्हणतात त्यात ऑपरेशन नको. थोरल्याने पुण्याहून पंधरा दिवसांची रजा काढलीय. सरकारी आरोग्य योजनेची मंजुरी आलीय. शेजारच्या एकांना आतड्याच्या ऑपरेशननंतर आत पू झाला होता, ते डोळ्यांपुढून जात नाही. रात्री दोन-दोनदा उठून कपाळाला हात लावून बघते. डॉक्टरांना सांगू की गप्प राहू?’

ताई,

तुमचं पत्र आलं त्याच दुपारी मी तुम्हाला एक ओळ पाठवली होती: डॉक्टरांना आजच्या आज फोन करा. हे सविस्तर उत्तर वाचेपर्यंत तो झाला नसेल, तर आधी फोन करा आणि मग पुढचं वाचा.

गप्प राहण्याने काय होतं ते मी माझ्या घरात पाहिलंय. माझ्या थोरल्या बहिणीचं, अक्काचं, असंच आतड्याचं ऑपरेशन ठरलं होतं. आठ दिवस आधी तिची दाढ सुजली. तारीख जाईल म्हणून ती लवंग धरून बसली, कुणाला कळू दिलं नाही. आदल्या दिवशी पोट साफ करायची ती पावडर दोन लिटर पाण्यातून प्यायली, रात्रभर संडासाच्या वाऱ्या केल्या, सकाळी उपाशीपोटी हिरवा गाऊन घालून स्ट्रेचरवर पडली. भूलतज्ज्ञांनी नेहमीप्रमाणे तोंड उघडून आत टॉर्च मारला आणि गालाची सूज त्यांच्या लक्षात आली. थिएटरच्या दारातून तिला परत आणलं. तीन आठवड्यांनी पुन्हा तीच पावडर, पुन्हा त्याच वाऱ्या. ‘आठ दिवस आधी बोलले असते तर एका फोनवर भागलं असतं,’ असं तीच म्हणाली. त्यामुळे तुमचं पत्र वाचताना मला आधी मोरीतला तो नळ ऐकू आला.

तुमच्या मनात दोन भीती एकमेकींत गुंतल्यात, आत्ताच्या दुखण्याची आणि ऑपरेशननंतर होऊ शकणाऱ्या पूची. त्या वेगळ्या करून बघू.

आत्ताचं दुखणं आधी. साध्या सर्दीने ऑपरेशन पुढे जातंच असं नाही. नाक वाहतंय, ताप नाही, छाती मोकळी आहे, असं असेल तर पुष्कळदा ठरल्या दिवशी होतं. ताप, कफ, दम लागणं, अंग मोडून येणं असेल तर डॉक्टर थांबतात, आणि त्यामागे कारण आहे. पूर्ण भुलीच्या वेळी श्वासनलिकेत नळी घालतात. सर्दी-खोकल्यात ती वाट आधीच चिडलेली असते, आत कफ असतो. शिवाय खरा प्रश्न येतो तो ऑपरेशननंतर. पोटावर टाके असले की दुखतं म्हणून माणूस वरवरचा श्वास घेतो, खोकायला घाबरतो. मग कफ खाली साठतो आणि न्यूमोनियाला आयतं घर मिळतं. उलट खोकल्याची उबळ थांबत नसेल तर ताज्या टाक्यांवर ताण येतो. तेव्हा तुमचा खोकला तुम्हाला कितीही किरकोळ वाटला, तरी तो किरकोळ आहे की नाही हे छातीला स्टेथोस्कोप लावणाऱ्यानेच ठरवायचं.

लघवीचंही तसंच. जळजळ होते हे सांगाच, ते तपासणी करतील. एक सांगून ठेवते, रिपोर्टवर ‘पस सेल्स’ म्हणजे पू-पेशी लिहिलेलं दिसलं की आपल्याकडे घरभर धसका घेतात. काहीही त्रास नसताना लघवीत जंतू सापडले तर प्रत्येक वेळी औषध लागतंच असं नाही. तुम्हाला मात्र त्रास आहे, म्हणून त्यांना कळायला हवं. आणि मधुमेह असेल तर साखर आत्ताच बघून घ्या. अंगात जंतुसंसर्ग असला की साखर चढते, आणि चढलेल्या साखरेत जखम भरायला वेळ लागतो. तुम्ही पत्रात साखरेबद्दल लिहिलेलं नाही, म्हणून विचारते आहे.

आता त्या तीन गोळ्या. मी रागावत नाही, पण हे मला मनापासून सांगायचंय. नातवाकडून आलेली सर्दी बहुतेक वेळा विषाणूची असते आणि अँटिबायोटिक विषाणूला काहीच करत नाही. जंतूंची असलीच, तर तीन गोळ्यांचा अर्धामुर्धा डोस त्यांना मारत नाही, आणि वाचलेले जंतू पुढच्या वेळी त्याच औषधाला दाद देणार नाहीत असंही होऊ शकतं. वर पोट बिघडलं तर जुलाब गोळीचे की आतड्याच्या गाठीचे, हा नवा घोळ. त्या पाकिटाच्या मागे उभी लाल रेघ असते, बघा. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय हे घेऊ नका, असा तिचा अर्थ. फोनवर गोळीचं नाव सांगा, किती आणि कोणत्या दिवशी घेतल्या तेही सांगा. पाकीट टाकलं नसेल तर दवाखान्यात बरोबर न्या. ऑपरेशनच्या वेळी कोणतं अँटिबायोटिक द्यायचं ते ठरवताना त्यांना याचा उपयोग होईल. डॉक्टर रागावतील म्हणून घाबरू नका. चार शब्द बोललेच, तर ऐकून घ्या, तेवढ्याने काही बिघडत नाही.

शेजारच्यांच्या पूबद्दल. ती भीती खोटी आहे असं म्हणून मी तुमची समजूत घालणार नाही. मोठ्या आतड्यातल्या एक ग्रॅम मळात हजारो कोटी जंतू असतात. आत असतात तोवर ते आपलेच, पण आतडं उघडलं की ते बाहेर येऊ शकतात. म्हणून डोळ्याच्या किंवा हर्नियाच्या ऑपरेशनपेक्षा इथे जखम चिघळण्याचा धोका जास्त असतो, आणि सर्जनना हे तुमच्या-माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. त्यांची निम्मी तयारी त्यासाठीच चालते. आदल्या दिवशीची पावडर त्यासाठी, तिच्या जोडीला पोटातून घ्यायच्या अँटिबायोटिकच्या गोळ्या दिल्या तर त्याही त्यासाठी. चीर देण्याआधीच्या तासाभरात शिरेतून इंजेक्शन देतात, म्हणजे सुरी लागते तेव्हा औषध रक्तात हजर असतं. ऑपरेशन लांबलं तर पुन्हा देतात. थिएटरमध्ये तुमचं अंग गार पडू देत नाहीत, कारण गार पडलेल्या अंगात जखमेला रक्त कमी पोचतं. हे सगळं करूनही काहींना पू होतो, एखाद्याचा जोड गळतो. म्हणून तर नंतर रोज पोट दाबून बघतात, नाडी मोजतात, ताप लिहून ठेवतात. तुमच्या शेजाऱ्यांचं नेमकं काय झालं ते आपल्याला माहीत नाही. त्यांचं वय, त्यांची साखर, त्यांचं ऑपरेशन ठरवून होतं की आतडं फुटल्यावर रात्री धावपळीत झालं, यावर फार काही अवलंबून असतं. तुमचं ठरवून होतंय, ही तुमची मोठी जमेची बाजू आहे.

तुमच्या हातात आहे ते थोडंच, पण मोलाचं आहे. ऑपरेशनच्या आदल्या रात्री किंवा त्या सकाळी साबणाने नीट आंघोळ करा, बेंबीत बोट घालून स्वच्छ करा. पोटावरचे केस घरी ब्लेडने काढू नका. ‘तेवढंच दवाखान्याचं काम कमी’ म्हणून पुष्कळ बायका काढून जातात. ब्लेडने कातडीला डोळ्यांना न दिसणाऱ्या चिरा पडतात आणि त्यात जंतू बसतात. जागतिक आरोग्य संघटनेने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत वस्तरा-ब्लेड नकोच म्हटलंय, अगदी गरज असेल तर क्लिपरने बारीक करायचे. मिश्री लावत असाल तर ती आजपासून बंद. तंबाखू हिरडीतून रक्तात गेला तरी जखमेला नडतोच. आणि श्वासाच्या व्यायामाची ती तीन रंगीत गोळ्यांची प्लॅस्टिकची डबी, जिच्या नळीतून श्वास ओढून गोळ्या वर उचलायच्या असतात, ती मिळाली असेल तर कपाटातून काढा. खोकला ओसरला की डॉक्टरांना विचारून सराव सुरू करा. ऑपरेशननंतर पहिल्यांदा हातात घेतली की गोळी हलतसुद्धा नाही, मग माणूस हिरमुसतो. आधी सवय असलेली बरी.

गौरींचं काय? तुम्ही लिहिलं नाहीत, पण घर तुमचं आहे म्हणजे गौरी जेवायला पंचवीस पानं तुमच्याकडेच असणार आणि ओट्यापाशी तुम्हीच उभ्या असणार. यंदा नाही, ताई. नैवेद्य होऊ दे, हळदीकुंकूही होऊ दे, पण तुम्ही आतल्या खोलीत खिडकी उघडी ठेवून बसा. शिंकणारं, खोकणारं कुणी असेल तर त्याने दारातूनच विचारपूस करावी. ‘ऑपरेशनच्या आधी एकदा बघून जाऊ’ म्हणून येणारी माणसं मायेनेच येतात, पण आठवडाभर त्यांना फोनवर भेटलेलं चांगलं. आणि डॉक्टरांनी पालेभाजी, देठ, चोथ्याचं खाणं बंद सांगितलं असेल तर ऋषीपंचमीची भाजी तोंडाला लावू नका. माठाचे देठ, मक्याची कणसं, अळू असं सगळं त्यात असतं, आणि गाठीने अरुंद झालेल्या आतड्यात चोथा अडकू शकतो. वाटीभर वरणाचं पाणी घेतलंत तरी सण होतो.

तारीख गेलीच तर? मोठ्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये आठ-पंधरा दिवस पुढेमागे झाल्याने सहसा पारडं फिरत नाही. किती थांबणं चालेल हे तुमचे रिपोर्ट पाहून सर्जन सांगतील, तेच प्रमाण माना. पितृपक्षाबद्दल जाऊबाईंचा जीव तुमच्यासाठीच तुटतोय, हे मला कळतं. पण आपल्या पितरांना लेकीसुनांनी दुखणं अंगावर काढलेलं आवडत असेल असं मला वाटत नाही. त्या पंधरवड्यात दवाखाने उघडे असतात, ऑपरेशनं होतात, माणसं बरी होऊन घरी जातात. डॉक्टरांनी त्यातली तारीख दिली तर घ्या. थोरल्याला आजच कळवा, म्हणजे रजा पुढे ढकलता येते का ते तो विचारून ठेवील. आठ दिवस आधी विचारलं तर साहेबही ऐकतात. योजनेच्या मंजुरीसाठी दवाखान्यातल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, भेटा. तारीख बदलली तर कागदांचं काय करायचं, ते त्यांच्याकडूनच नीट समजून घ्या.

एक गोष्ट मात्र नवव्या दिवसाची वाट बघण्यासारखी नाही. पोट फुगलं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरणं बंद झालं, थंडी वाजून ताप भरला, दम लागला किंवा संडासावाटे बरंच रक्त गेलं, तर फोनाफोनी करत बसू नका. रात्र असली तरी थेट दवाखाना गाठा.

आता सूनबाई. तुमचं पत्र मी तीनदा वाचलं आणि दर वेळी इथेच थांबले. तुम्ही स्वतःच्या जिवावर घेऊन तिला वाचवताय. पण समजा ऑपरेशननंतर तुमची छाती भरली आणि मग कळलं की खोकला आधीपासून होता, तर बोट कुणाकडे जाईल? तिच्याकडेच. आणि तेव्हा तिची बाजू घ्यायला तुम्ही समोर नसाल, अतिदक्षता विभागात असाल. आज तुम्ही चांगल्या बसत्या-बोलत्या आहात. सगळ्यांसमोर एकदाच सांगा, ‘पोराला मी जवळ घेतलं, मला राहवलं नाही.’ घरातल्या थोरल्या बाईने असं म्हटल्यावर पुढे कुणी बोलत नाही. नातवालाही सांगा, आजीला बरं वाटेपर्यंत तू आईजवळ झोप. रडेल एक रात्र.

फोनवर काय बोलायचं ते कागदावर लिहून घ्या, म्हणजे आवाज कापला तरी राहून जाणार नाही. ऑपरेशनची तारीख, खोकला कोणत्या दिवसापासून, कफ आहे का आणि कोणत्या रंगाचा, लघवीची जळजळ, घेतलेल्या तीन गोळ्या, ताप किती. तापाचा आकडा हवा. हाताच्या अंदाजावर त्यांना काही ठरवता येत नाही, आणि रात्री दोन वाजता घाबरलेल्या हाताला कपाळ गरमच लागतं. क्रोसिन घ्यायच्या आधी मोजा, नाहीतर खरा ताप दिसत नाही. साधा डिजिटल थर्मामीटर कुठल्याही मेडिकलमध्ये मिळतो. आज संध्याकाळी सूनबाईंनाच आणायला पाठवा, आणि कशासाठी हवाय तेही सांगा.

तुमची,
ताई